बधिर पायांचा तालुका

घनसावंगी तालुक्यात पायाचे वैरी पुष्कळ. कापूस वेचून झाल्यावर रानात उभे राहिलेले पऱ्हाटीचे खुंट, बांधावरच्या बाभळीचे काटे, तोडणी झालेल्या फडातली उसाची धारदार खोडकं आणि चैत्र-वैशाखात भर दुपारी तापणारी काळी जमीन. यातलं काही पायाला लागलं की माणूस हाय म्हणतो, खाली बसतो, काटा काढतो, पुढं जातो. ज्याला लागलेलं कळतच नाही तो मात्र दिवस मावळेपर्यंत त्याच काट्यावर चालतो, आणि रात्री घरची विचारते, "आवो, सतरंजीवर रगत कशाचं?" असे पाय हुडकत फिरायचं ही माझी नोकरी होती. सरकारी कागदावर माझा हुद्दा कुष्ठरोग तंत्रज्ञ. गावोगाव मला 'चट्टेवाले साहेब' म्हणायचे.

मी 1984 मध्ये नोकरीला लागलो. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला होता, पण घनसावंगीला तालुक्याचा मान मिळायचा होता. अंबड तालुक्यातलं ते एक मोठं गाव होतं. सायकलला पिशवी, पिशवीत नोंदवही, कापसाचा बोळा आणि बॉलपेन. तीर्थपुरी, रांजणी, कुंभार पिंपळगाव, राणी उंचेगाव, समर्थ रामदासांचं जांब, अशी फिरती. तपासणीला यंत्र लागत नव्हतं. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचं आणि म्हणायचं, लागलं तिथं बोट ठेवा. मग कोपराच्या आतल्या बाजूची शीर, म्हणजे मज्जातंतू, चाचपायची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची चाचपायची. कुष्ठरोगात या शिरा जाड होतात, दाबल्या की दुखतात. अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, बधिर चट्टा सापडला तर नाव नोंदवहीत.

पण नोंदवहीत न बसणारे पायही भेटायचे. चट्टा कुठंच नाही, शिरा बारीक आणि मऊ, तरी दोन्ही पाय बोटांपासून घोट्यापर्यंत सारखेच बधिर. कुष्ठरोगात बहुधा एका बाजूचं नुकसान जास्त असतं, इथं दोन्हीकडं मोजे घातल्यासारखी एकसारखी रेघ. माणूस पन्नाशीचा, तोंडाला कोरड, रात्री चार-पाच वेळा उठणारा. आमच्या तक्त्यात अशा माणसासमोर एकच शेरा लिहायची सोय होती: कुष्ठरोग नाही. तो खूश होऊन घरी जायचा. त्याच्या पायाची जबाबदारी मात्र कोणत्याच खात्याकडं जायची नाही.

ही खात्यांची वाटणी समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुष्ठरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1955 चा. हिवताप निर्मूलनाचा 1958 चा. क्षयरोगाचा 1962 चा. प्रत्येकाची माणसं वेगळी, नोंदवह्या वेगळ्या, कपाटं वेगळी, साहेब वेगळे. हिवतापवाला घराच्या भिंतीवर तारीख लिहून जायचा, क्षयाचा माणूस बेडका मागायचा, मी चट्टे बघायचो. एकाच ओसरीवर आम्ही तिघं वेगवेगळ्या दिवशी बसून चहा प्यायलो आणि तिघांनाही त्या चहात पडणारी साखर दिसली नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना राष्ट्रीय कार्यक्रम मिळाला तो थेट 2010 साली.

जुन्या वैद्यकाची मांडणी वेगळी होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सहावा अध्याय प्रमेहाचा, सातवा कुष्ठाचा, आठवा राजयक्ष्म्याचा. त्या काळच्या कुष्ठात कातडीचे कितीतरी आजार मोडतात, ते सोडून देऊ. तरी मधुमेह, कुष्ठ आणि क्षय हे तीन शेजारी शेजारी बसलेले बघून मला नेहमी मजा वाटते, कारण माझ्या नोकरीत ते तिन्ही एकाच माणसाच्या अंगात भेटले आहेत.

आता पायांचा इतिहास. आमचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्यात कुष्ठरोगावरचं मोठं ठिकाण म्हणजे निजामाबादजवळचं डिचपल्ली. मनमाडहून जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणाऱ्या रेल्वेवरचं ते स्टेशन. इझाबेल आणि जॉर्ज केर या मिशनरी दांपत्यानं 1915 च्या सुमारास तिथं दवाखाना उभा केला. तेव्हा औषध म्हणजे चालमोगऱ्याच्या जातीच्या बियांचं तेल, तेही सुईनं टोचायचं. तेल दाट, टोचणं दुखरं, गुण बेताचा. तिकडं 1922 च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि मधुमेहाचं चित्र पालटलं. कुष्ठरोग्याला खरं औषध मिळायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. डॅप्सोनच्या गोळ्या आल्या तेव्हा दुसरं महायुद्ध संपलं होतं.

म्हणजे औषधाच्या बाबतीत मधुमेह पुढं होता. पायाच्या बाबतीत उलटं झालं.

पॉल ब्रँड हा सर्जन 1914 साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मला आणि 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. तोवर सगळ्यांची खात्री होती की या रोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांनी एकेका जखमेचा माग काढला. कुणी जळता चुलाणा हातानं सरकवला होता, कुणी खिळा वर आलेली चप्पल आठवडाभर घातली होती. काहींच्या बोटांच्या जखमांचा मात्र उलगडा होईना. रात्री पाळत ठेवल्यावर कळलं की झोपेत उंदीर बोटं कुरतडतात आणि माणूस जागा होत नाही. त्यावर रुग्णांना मांजरी दिल्या गेल्या. रोग बोटं खात नव्हता, रोगानं फक्त वेदना काढून घेतली होती. बाकीचं नुकसान रोजच्या जगण्यातून होत होतं.

एवढं कळल्यावर उपायही रोजच्या जगण्यातले निघाले. वेल्लोर आणि जवळच्या करिगिरीला मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल तयार झाली. तीच आमची एमसीआर. तिला खिळा नाही, मागं पट्टा आहे, वरचा थर मऊ आणि खालचा टणक, म्हणजे काटा आरपार येत नाही. जखम असलेल्या पायाला प्लॅस्टर घालून चालतं ठेवायचं. आणि सगळ्यांत कामाची गोष्ट: जखम होण्याआधी पाय तिथं तापतो. हाताची पालथी बाजू तळव्यावरून फिरवली तर गरम जागा कळते. त्या जागेला दोन दिवस विश्रांती दिली की पुढची जखम टळते. माझ्या साऱ्या नोकरीत मी शिकलेली ही सर्वांत स्वस्त विद्या.

ब्रँड 1966 मध्ये अमेरिकेत लुईझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथं कुष्ठरोगी थोडे आणि बाहेर मधुमेही भरपूर. त्यांच्याही पायाला तशाच जखमा, तशाच जागी. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या पायांवरून जे कळलं होतं ते मधुमेह्यांना लागू पडलं. आज मोठ्या शहरातला मधुमेहतज्ज्ञ नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवून विचारतो, कळतंय का? 10 ग्रॅम दाबाला वाकणारा तो धागाही कारव्हिलच्या लोकांनीच पारखून घेतलेला. शहरातला माणूस त्या तपासणीचे पैसे मोजतो, आणि ती विद्या ज्या पायांवर तयार झाली त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं, हे त्याला कुणी सांगत नाही.

आमच्याकडं ही विद्या कपाटात होती. चपलांचे जोड येत, कुष्ठरोग्यांना फुकट वाटले जात. शिरा शोधता येणारा माणूस म्हणजे मी हजर होतो. मधुमेह्यांचे पाय जवळच्याच बाकड्यावर चिघळत होते. पण मधल्या दारातून कुणी आत येत नव्हतं. मधुमेह असलेल्या एका काकूंच्या तळव्याला भोवरी फुटून खड्डा पडला होता. त्यांना मी चप्पल दाखवली तर त्या दोन पावलं मागं सरल्या. "साहेब, ही घालून मी दारात कशी हुबी ऱ्हाऊ? पोरीचं लगीन व्हायचंय आजून." त्यांचं खोटं नव्हतं. ती चप्पल लांबून ओळखू यायची, आणि खुद्द कुष्ठरोगीही बाजारात जाताना ती काढून पिशवीत टाकायचे. मग आम्ही एक तोड काढली. एमसीआरचा तुकडा घेऊन चपला शिवणाऱ्या कारागिराकडं जायचं, वरून साधा चामडी पट्टा, कडेला नेहमीसारखी शिलाई, आत आमचं रबर. बघणाऱ्याला कोल्हापुरीची गरीब बहीण वाटावी अशी. काकूंनी ती घातली. सरकारी हिशेबात असली चप्पल कुठं दाखवायची हा वेगळाच प्रश्न, तो इथं नको.

मधुमेह आमच्या तालुक्यात इतका आला कुठून, हे लोक मला अजून विचारतात. एका कारणानं आला असं मी म्हणणार नाही. 1972 च्या दुष्काळात ज्वारी गेली, रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो जातीची ज्वारी आणि गहू खाऊन लोक जगले. 24 फेब्रुवारी 1976 ला पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं आणि 208 किलोमीटरचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर ओलांडून परभणीकडं गेला. पाणी आलं तसा ऊस आला. तीर्थपुरीला साखर कारखाना उभा राहिला. मोसंबीच्या बागा आल्या. मोट गेली, मोटार आली. ढेकळं फोडणारी माणसं बटण दाबायला लागली. बाजरी-ज्वारीच्या भाकरीशेजारी पोळी आणि मग भात रोजचा झाला. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा देणं म्हणजे अपमान.

तरी एक गोष्ट माझ्या डोळ्यांना पटत नव्हती. आमचे साखरवाले जाड नव्हते. हडकुळी माणसं, बरगड्या मोजाव्यात अशी, आणि लघवीत साखर. याचा उलगडा पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून झाला. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची लेकरं यांचा अभ्यास चालवला. वजनानं हलकी जन्मणारी आपली बाळं चरबीच्या बाबतीत मात्र कमी नसतात, हे त्यांनी दाखवलं. 2004 साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे 'लॅन्सेट'मध्ये छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. कळकट बंडीतल्या आमच्या शेतकऱ्याला साखर कशी होते, हे मला त्या दोन आकड्यांनी जितकं सांगितलं तितकं कुठल्या प्रशिक्षणानं सांगितलं नाही.

तपासणीची रीतही सांगून ठेवतो, नव्या पोरांना ती ऐकूनही माहीत नाही. परीक्षानळीत 5 मिलिलिटर बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी अशी चढती भाजणी. विटकरी रंग आला की प्रयोगशाळेतला माणूस नळी खिडकीशी धरून सगळ्यांना दाखवायचा. उपचाराला ग्लिबेनक्लॅमाइडची बारीक गोळी, पुढं मेटफॉर्मिन. इन्सुलिन लागलंच तर घरात फ्रिज नव्हता. बाटली वाळूत ठेवलेल्या ओल्या मडक्यात, वर ओलं फडकं. उन्हाळ्यात ती युक्ती खरंच कामाला यायची.

त्यात आमचा तालुका वारकऱ्यांचा. ग्लिबेनक्लॅमाइडची गोळी घेऊन निर्जळी एकादशी करणारा माणूस दुपारी घामाघूम होऊन पडायचा. भिडेनं फराळ केला तर तो साबुदाण्याचा, म्हणजे नुसता पिठूळ पदार्थ. साखर थेट वर. एकादशी मोडू नका, गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदला आणि साबुदाण्याऐवजी भगर थोडी, ताक जास्त, शेंगदाणे मूठभर, असं सांगितलं की ऐकायचे. देव सोडा म्हटलं की डॉक्टर सोडायचे.

आता ज्या माणसामुळं मला हे सगळं लिहावंसं वाटलं त्याच्याकडं येतो. गोदाकाठच्या एका गावचे मामा. दोन एकर कोरडवाहू, साठीच्या आतबाहेर वय. आधी मधुमेह निघाला, नंतर पाठीवर आणि दंडावर चट्टे. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची अनेक औषधांची एकत्र मात्रा, सुरू झाली. महिन्यातून एकदा माझ्यासमोर रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन गिळायचं, घरी रोज डॅप्सोन आणि क्लोफाझिमिनचा छोटा डोस. बारा महिन्यांचा कोर्स. क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते, त्यावरून गावानं आपापला निष्कर्ष काढला. इथवर सगळं नेहमीचं.

पाचव्या-सहाव्या महिन्यात त्यांना कुष्ठरोगाची रिअॅक्शन आली. चट्टे लाल, सुजलेले, कोपराची शीर दोरीसारखी आणि ठणका असा की रात्रभर बसून. यावर प्रेडनिसोलोन द्यावंच लागतं, 40 मिलिग्रॅमपासून सुरू करून बारा आठवड्यांत उतरवत आणायचं. नाही दिलं तर शीर कायमची मरते, पंजा वाकडा होतो. दिलं तर साखर भडकते. मामांची भडकली. कुष्ठरोगाचा डॉक्टर म्हणाला, स्टेरॉइड थांबवता येणार नाही. मधुमेहाचा डॉक्टर म्हणाला, हे स्टेरॉइड कुणी दिलं? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मामा दोघांच्या चिठ्ठ्या घेऊन एसटीत बसलेले. शेवटी रिअॅक्शन असेपर्यंत इन्सुलिन आणि ती ओसरल्यावर पुन्हा गोळ्या, असं ठरलं. ठरलं ते कोणत्या बैठकीत नाही. मामांच्या सुनेनं दोन्ही चिठ्ठ्या एकाच वहीत चिकटवल्या आणि दोन्ही डॉक्टरांना ती वही दाखवली, म्हणून ठरलं.

पुढची खोच त्याहून बारीक. रिअॅक्शन निवल्यावर मामांच्या तीन महिन्यांच्या साखरेची, म्हणजे एचबीएवनसीची तपासणी झाली. आकडा सुरेख आला. घरात आनंद. पण बोटातून घेतलेली रोजची साखर तर चढीच दिसत होती. कारण डॅप्सोन. या औषधानं रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर फुटतात. जुन्या पेशीवर साखर साचलेली असते, तीच उरत नाही, म्हणून आकडा खोटा कमी येतो. डॅप्सोनवरच्या माणसाला हा आकडा दाखवून शाबासकी देऊ नये, रोजची साखर मोजावी. ही गोष्ट कुष्ठरोगाच्या पुस्तकात मधुमेहाखाली नव्हती आणि मधुमेहाच्या पुस्तकात कुष्ठरोगाखाली नव्हती. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना ती ठाऊक होती, त्यांनी सांगितली.

क्षयाचंही असंच गणित. मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट. क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन रोज घ्यावं लागतं, आणि ते यकृताला असं कामाला लावतं की ग्लिबेनक्लॅमाइडसारख्या गोळ्या लवकर विरून जातात. आमच्या एमडीटीत रिफाम्पिसिन महिन्यातून एकदा, म्हणून तितका त्रास नाही. औषध तेच, पण खातं बदललं की परिणाम बदलतो. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासायची पद्धत आता रुळली आहे, ती बऱ्याच उशिरा आली.

औषधांच्या अशाच वाईट मेळातली आणखी एक गोष्ट सांधेदुखीची, तिच्याबद्दल मी कडकच बोलणार आहे. 2006 साली चिकुनगुन्या मराठवाड्यात आला आणि माणसं महिनोन्महिने वाकून चालली. तेव्हापासून दुखणं थांबवणाऱ्या गोळीची सवय घराघरात शिरली ती गेली नाही. साखर आहे, रक्तदाब आहे, आणि रोज सकाळी चहाबरोबर डायक्लोफेनॅक. मूत्रपिंडाला याहून वाईट मेळ नाही. मला माहीत असलेल्या डायलिसिसवरच्या माणसांत असे कितीतरी आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस मोफत होतं हे खरं, पण आठवड्यातून दोनदा-तीनदा जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचं तर घरातला एक कमावता माणूस त्याच कामाला लागतो.

आणि बधिरपणाचं तिसरं कारण, जे माझ्या बॉलपेनला कधीच कळलं नसतं: बी-12. आमच्याकडं माळकरी घरं पुष्कळ, मांस-मासे-अंडी वर्ज्य, दूध विकायला जातं. अशा माणसाच्या अंगात बी-12 आधीच कमी. त्यावर वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, जे हे जीवनसत्त्व आणखी घटवतं. पायाला मुंग्या येतात, आणि सगळे म्हणतात साखर वाढली. साखरेच्या गोळ्या वाढवल्या जातात. साधी रक्ततपासणी आणि बी-12 यावर भागण्यासारखं असतं.

कुष्ठरोगाचं सगळं जसंच्या तसं मधुमेहाला चिकटवू नये, हेही सांगितलं पाहिजे. कुष्ठरोग्याच्या तळव्याला घाम येत नाही, कातडी फुटते, म्हणून आम्ही वीस मिनिटं पाय पाण्यात भिजवून, भोवरी घासून, ओल्यावरच तेल लावायला शिकवतो. मधुमेह्याला जास्त वेळ भिजवणं सोसत नाही; बोटांच्या बेचक्या ओल्या राहिल्या की चिघळतात. त्यानं धुवावं, कोरडं पुसावं, तेल लावावं, पण बोटांच्या मध्ये नाही. आणखी मोठा फरक रक्ताचा. कुष्ठरोग्याच्या पायाला रक्तपुरवठा चांगला असतो, ओझं काढलं की जखम भरते. मधुमेह्याच्या, त्यातही विडी ओढणाऱ्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात. बोट काळं पडायला लागलं तर घरगुती काळजीची वेळ संपली, त्याच दिवशी दवाखाना.

रक्तदाबाचंही एक सांगतो, कारण साखरवाले त्याला सावत्र समजतात. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की मधुमेह्यांचा रक्तदाब काटेकोर ठेवला तर पक्षाघात 44 टक्क्यांनी कमी होतो. तरी आमच्याकडं माणूस साखरेची गोळी घेतो आणि बीपीची 'आज बरं वाटतंय' म्हणून ठेवून देतो.

डिसेंबर 2005 मध्ये देशात कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. आमचं वेगळं खातं हळूहळू सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं. मी नाराज होतो, लपवत नाही. आता वाटतं, मिसळायचं होतं ते आणखी आधी आणि आणखी नीट. कारण पुढं आलेला कोविड हा कुठल्या एका खात्याचा आजार नव्हताच. तेव्हा राज्याचे आरोग्यमंत्री आमच्याच घनसावंगीचे आमदार राजेश टोपे होते, त्यांच्या रोजच्या निवेदनातून 'सहव्याधी' गावच्या पारावर पोचल्या. 2021 च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीनं माणसांचे डोळे आणि जबडे गेले. कारणांत पुन्हा तीच जोडी, वाढलेली साखर आणि स्टेरॉइड. मामांची गोष्ट मला तेव्हा रोज आठवायची.

2023 साली आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाचे आकडे आले: 10.1 कोटी मधुमेही, 31.5 कोटी रक्तदाबाचे. यातले किती जण दोन्हीकडं मोजले गेले असतील ते आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही घराचं औषधांचं फडताळ उघडून बघा. एक गोष्ट मात्र सुधारली आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात कमरेचा घेर आणि तंबाखू आहे, दोन आठवड्यांचा खोकला आहे, आणि बधिर चट्टा, हातापायाच्या मुंग्या, तळव्याची वारंवार होणारी जखम हेही आहे. प्रमेह, कुष्ठ आणि राजयक्ष्मा बऱ्याच काळानं एका कागदावर आले. फॉर्म लांब आहे, मानधन तुटपुंजं आहे, तेव्हा घाईत पायाचे प्रश्न घरातून उठतानाच विचारले जातात. तुमच्याकडं आल्या तर त्यांना पाणी द्या, बसवा आणि पाय दाखवा.

मलाही आता साखर आहे, रक्तदाबही. रात्री झोपण्याआधी आरशात तळवे बघतो, हाताची पालथी बाजू फिरवतो. सगळ्या चिठ्ठ्या एकाच वहीत, मामांच्या सुनेसारख्या. एवढं कुणालाही जमतं, त्याला डॉक्टर लागत नाही. जे आपल्या हातात नाही त्याबद्दल सरकारकडं एकच मागणं आहे. एमसीआरची चप्पल कुष्ठरोग्याला फुकट मिळते, ती मधुमेहाच्या खिडकीवर बधिर पायाच्या प्रत्येक माणसालाही मिळावी. वरचा पट्टा साधा, बाजारात मिळतो तसा ठेवा, म्हणजे लोक ती घालतील.